जेवढं लागेल तेवढंच

माझ्या सासूबाईंच्या उजव्या स्तनातली गाठ त्यांच्या स्वतःच्या हाताला कधी लागली नव्हती. ती लागली पापनाशमच्या सरकारी आरोग्य केंद्रातल्या नर्सच्या हाताला. सासूबाई गेल्या होत्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला. तिथे रक्तदाब-साखर बघायला आलेल्या बायकांना नर्स पडद्यामागे नेऊन स्तनही तपासते. सासूबाईंचं वय तेव्हा ७१. “या वयात हे कशाला?” म्हणून त्या उठणारच होत्या, पण नर्स म्हणाली, “दोन मिनिटं, टीचर.” गाव त्यांना टीचरच म्हणतं. तीसेक वर्षं त्यांनी मुलींना गणित शिकवलं, आणि ती नर्सही त्यांचीच विद्यार्थिनी. २०२५चा जानेवारी होता, पोंगल नुकताच झाला होता, सांबा हंगामातल्या भाताची कापणी चालू होती.

नुसत्या हाताने केलेल्या तपासणीला लोक कमी लेखतात, म्हणून इथेच सांगून टाकते. मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वस्त्यांमधल्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षं अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका निम्म्या स्त्रियांना दर दोन वर्षांनी हाताने तपासत. २०२१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. मॅमोग्राफीचं यंत्र नाही, वीज नाही, फक्त शिकलेला हात. आमच्या घरात पुढे जे काही कमीत निभावलं, ते त्या नर्सच्या दोन मिनिटांमुळे.

माझं माहेर पुण्याचं. सासर तंजावर-मराठ्यांचं, व्यंकोजीराजांच्या मागोमाग सतराव्या शतकात कावेरीच्या मुलखात जी देशस्थ घराणी आली, त्यांपैकी एक. साडेतीनशे वर्षांनंतरही घरात मराठीच बोलतात, तामिळ हेलाची. जेवणात डांगर पच्चडी असते आणि उंबऱ्याबाहेर तांदळाच्या पिठाचा कोलम. माझा नवरा नोकरीमुळे पुण्यात, थोरले दीर आणि जाऊबाई पापनाशमच्या घरात सासूबाईंजवळ. तंजावर आणि कुंभकोणमच्या मधलं हे रेल्वे स्टेशनचं गाव. पापनाशम शिवन यांच्यामुळे कर्नाटक संगीताच्या लोकांना त्याचं नाव ठाऊक असतं. गावात एकशे आठ शिवलिंगांचं देऊळ आहे, तिथे सासूबाई रोज चालत जातात.

दिरांनी आईला जवळच्या एका खासगी रुग्णालयात नेलं. सोनोग्राफी झाली, सुई घालून तुकडा काढला आणि अहवाल आला. कर्करोग. गाठ सव्वा सेंटिमीटरच्या आत. ग्रेड १. ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, म्हणजे उपचार ठरवणाऱ्या तिन्ही खुणा नाहीत. तिथल्या सर्जननी सांगितलं की पूर्ण स्तन काढू, काखेतल्या लसिका ग्रंथी सगळ्या काढू, मग केमो, आणि लागलं तर पाच आठवडे रेडिएशन. आम्ही दोघं पुण्याहून पोचलो तेव्हा घरात एक प्रकारची सुटका झाल्यासारखं वातावरण होतं. सगळं करायचं ठरलं आहे, काही बाकी ठेवायचं नाही. दीर मला म्हणाले, “पैशाचा विचार नको. आईसाठी जे जे आहे ते सगळं करू.” ते मनापासून बोलत होते. आईवर माया करणारा मुलगा दुसरं काय म्हणणार?

सासूबाई एकदाच बोलल्या. “हाताचं काय होईल?”

तो प्रश्न कुठून आला ते मला रात्री कळलं. त्यांच्या चुलत सासूबाईंचं १९७० च्या दशकात याच रोगासाठी ऑपरेशन झालं होतं. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू, काखेतलं सगळं, असं एकाच वेळी काढलेलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत डॉ. हाल्स्टेड यांनी रूढ केलेली ती शस्त्रक्रिया पुढे जगभर पाऊणशे वर्षं चालली. त्या बाई रोगाने गेल्या नाहीत, पुष्कळ जगल्या. पण काखेतलं सगळं गेल्याने उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत सुजला तो कायमचा. त्यांच्या प्रत्येक ब्लाउजची उजवी बाही उसवून तिच्यात कापडाचा तिकोनी तुकडा घालावा लागे, आणि ते काम नवी सून म्हणून आमच्या सासूबाईंकडे होतं. रंग जुळणारं कापड मिळालं नाही तर त्या बाई दिवसभर पदर हातावरून ओढून बसत. स्तन जाण्याची भीती सासूबाईंना नव्हती. भीती त्या बाहीची होती.

अहवालाचा फोटो मी पुण्यातल्या एका मैत्रिणीला पाठवला. ती पॅथॉलॉजिस्ट आहे. तिचा लगेच फोन आला. “ग्रेड १ आणि तिन्ही निगेटिव्ह? अगं, हे जुळत नाही. परत तपासल्याशिवाय कोणाला चाकू लावू देऊ नका.”

तिने समजावलं ते असं. ग्रेड १ म्हणजे गाठीतल्या पेशी अजून मूळच्या पेशींसारख्या दिसतात, सावकाश वाढतात. अशा गाठींवर इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे ग्राहक, म्हणजे ईआर, जवळजवळ नेहमीच असतात. ते नसतील तर एक तर ग्रेड चुकला किंवा तपासणी चुकली. आणि तपासणी चुकण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे काढलेला तुकडा वेळेवर फॉर्मालिनमध्ये न पडणं. तुकडा शरीरातून सुटला की त्यातली प्रथिनं बिघडायला लागतात. तो लगोलग फॉर्मालिनमध्ये जावा आणि तिथे किमान ६ आणि फार तर ७२ तास राहावा, असं जगभरच्या प्रयोगशाळांचं ठरलेलं आहे. उकाड्यात तो टेबलावर राहिला, बाटलीत द्रव कमी पडला, मध्ये रविवार आला, की जे आहे तेही ‘नाही’ म्हणून दिसू शकतं. आणि त्या एका ‘नाही’वर सत्तरीच्या बाईचा केमो ठरतो.

मग आम्ही तिरुचिरापल्लीला गेलो. पापनाशमहून गाडीने साधारण ऐंशी किलोमीटर. तिथल्या सर्जन एक मध्यमवयीन बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी अहवाल वाचला, सासूबाईंना तपासलं, काखेची सोनोग्राफी स्वतः उभ्या राहून करून घेतली आणि पुन्हा बायोप्सी घ्यायचं ठरवलं. सासूबाईंच्या उशाशी थांबायची मला परवानगी होती. सुईच्या खाचेतून काडीपेटीतल्या काडीएवढे पांढुरके तुकडे निघाले. नर्सने बाटली आधीच उघडून हातात धरली होती. तुकडा निघाला की थेट बाटलीत. चारही तुकडे पूर्ण बुडाले आहेत की नाही हे तिने बाटली उजेडात धरून पाहिलं. मग डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून लेबलवर स्वतःच्या हाताने वेळ लिहिली, ११.४०, आणि त्याखाली सही केली. एवढी साधी गोष्ट. या सगळ्या प्रवासात मला विज्ञान सगळ्यात जवळून दिसलं ते त्या लेबलवर.

नव्या अहवालात ईआर आठपैकी आठ, पीआर आठपैकी सात, हर-टू निगेटिव्ह, पेशींच्या वाढीचा वेग सांगणारा केआय-६७ आठ टक्के. तीच बाई, तीच गाठ. रोग तोच होता, आणि तरी दोन कागदांमध्ये दोन वेगवेगळी आयुष्यं लिहिलेली होती.

माझ्या नवऱ्याचं मात्र समाधान होईना. मराठी माणसाला कर्करोग म्हटलं की परळ आठवतं, तसंच त्याचं. तो दोन्ही बायोप्सींचे मेणाचे ठोकळे आणि काचपट्ट्या घेऊन मुंबईला टाटात गेला. १९४१ साली उघडलेल्या त्या रुग्णालयाच्या आवारात आसाम-बिहारपासून आलेली माणसं असेच ठोकळे छातीशी धरून बसलेली असतात. तिथून उत्तर आलं की नवा अहवाल बरोबर आहे, गाठ कमी धोक्याची आहे, आणि तिरुचीत जे ठरतंय तेच करा, यासाठी मुंबईला यायची गरज नाही. देशभरच्या कर्करोग रुग्णालयांना जोडणारा नॅशनल कॅन्सर ग्रिड टाटाच्या पुढाकाराने २०१२ साली सुरू झाला, तो रुग्णाला आपल्या गावाजवळ नीट उपचार मिळावेत यासाठीच. ‘येऊ नका’ हे उत्तर ऐकून नवऱ्याला पहिल्यांदा झोप लागली.

त्यानंतरची तिरुचीतली भेट मला शब्दशः आठवते, कारण घरातले सगळे एका खोलीत होते आणि सगळ्यांचे प्रश्न वेगवेगळे होते.

डॉक्टरांनी आधी सांगितलं की पूर्ण स्तन काढायचं कारण नाही. गाठ आणि तिच्याभोवतीचा निरोगी भाग काढायचा, बस. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेल्या चाचण्यांचे वीस वर्षांचे निकाल २००२ मध्ये एकाच वेळी आले, आणि स्तन पूर्ण काढलेल्या व राखलेल्या स्त्रिया सारख्याच जगल्या हे त्यात दिसलं. मग त्या काखेकडे वळल्या. “सोनोग्राफीत काख स्वच्छ आहे, गाठ दोन सेंटिमीटरच्या आत आहे. काखेला मी हात लावणार नाही.” सासूबाई खुर्चीत पुढे सरकल्या. डॉक्टरांनी इटलीतून निघालेल्या ‘साउंड’ या चाचणीची माहिती दिली. अशाच चौदाशेहून अधिक स्त्रिया, निम्म्यांच्या काखेतली पहिली लसिका ग्रंथी काढून तपासली, निम्म्यांची नाही. पाच वर्षांनी रोग शरीरात इतरत्र न पसरलेल्यांचं प्रमाण एका गटात ९७.७ टक्के, दुसऱ्यात ९८. हा निकाल २०२३चा. पुढच्या वर्षी जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या मोठ्या चाचणीनेही तेच सांगितलं.

जाऊबाईंनी विचारलं, “आणि केमो नको? खरंच नको? की वय झालं म्हणून देत नाही तुम्ही?”

हा प्रश्न विचारायला धैर्य लागतं आणि तो विचारलाच पाहिजे. म्हाताऱ्या माणसाला कमी उपचार देताना ते ‘आता काय उरलंय’ म्हणून आहे की ‘याचा उपयोग नाही’ म्हणून, हे घरच्यांना कळलं पाहिजे. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या की केमो न देण्याचं कारण गाठ आहे, वय नाही. हीच गाठ पंचावन्नाव्या वर्षी असती तरी केमोने काही हाती लागलं नसतं. गाठीतल्या जनुकांची चाचणी करून कोणाला केमोचा फायदा होईल हे पाहण्याचा ‘टेलरएक्स’ हा प्रयोग दहा हजारांवर स्त्रियांवर झाला, २०१८ मध्ये त्याचा निकाल आला. पन्नाशी ओलांडलेल्या, काख स्वच्छ असलेल्या, जनुकांच्या चाचणीत मधले गुण आलेल्या स्त्रियांना केमोने काहीच जास्तीचं मिळालं नव्हतं. ती चाचणी अमेरिकेहून करून घ्यायला काही लाख रुपये पडतात. बंगळुरूत डॉ. मंजिरी बाकरे यांच्या कंपनीने भारतीय रुग्णांसाठी त्याहून बऱ्याच स्वस्तातली एक चाचणी तयार केली आहे. “तीही मी सांगत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “निकाल काहीही आला तरी मी तेच करणार असेन, तर चाचणी कशासाठी?” हे वाक्य मी तेव्हाच वहीत उतरवून घेतलं.

राहिलं रेडिएशन. इथे मात्र डॉक्टरांनी ठरवून दिलं नाही. गाठ काढल्यावर उरलेल्या स्तनाला रेडिएशन द्यायचं ही नेहमीची रीत. पूर्वी ते पाच आठवडे चालायचं. ज्या बाईचं गाव यंत्रापासून ऐंशी किलोमीटरवर आहे, तिला पाच आठवडे लॉजमध्ये कोण ठेवणार? त्यापेक्षा पूर्ण स्तन काढून मोकळं व्हा, असं कितीतरी गावाकडच्या बायकांच्या बाबतीत ठरत आलं आहे. मग ते तीन आठवड्यांवर आलं, आणि २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘फास्ट-फॉरवर्ड’ चाचणीने एका आठवड्यात पाच वेळा देऊनही तेवढंच काम होतं हे दाखवलं. आता पाचच दिवस आहेत म्हटल्यावर दीर लगेच म्हणाले, “मग घेऊनच टाकू. पाच दिवसांचं काय एवढं?”

“न घेण्याचाही मार्ग आहे,” डॉक्टर म्हणाल्या, आणि सासूबाईंकडे वळून, “अम्मा, आकडे सांगू?”

सासूबाईंनी पर्समधून पेन काढलं आणि प्रिस्क्रिप्शनचा कोरा कागद मागून घेतला. कोलमला काढतात तसे ठिपके त्यांनी त्यावर काढले, दहा ओळी, प्रत्येक ओळीत दहा, एकही वाकडा नाही. “सांगा,” म्हणाल्या. डॉक्टरांनी स्कॉटलंडमधून चालवलेल्या ‘प्राइम टू’ या चाचणीचे आकडे सांगितले. पासष्टीपुढच्या १३२६ स्त्रिया, छोटी गाठ, स्वच्छ काख, संप्रेरक रोखणारी गोळी सगळ्यांना. रेडिएशन निम्म्यांनाच. दहा वर्षांनी रेडिएशन घेतलेल्या शंभरातल्या एका बाईच्या त्याच स्तनात रोग परत आला. न घेतलेल्या शंभरात साडेनऊ जणींना. सासूबाईंनी नऊ ठिपक्यांना गोल केले आणि दहाव्याला अर्धा. मग विचारलं, “आणि गेल्या किती?” दोन्ही गटांत दहा वर्षांनी जिवंत असलेल्या सारख्याच, शंभरात सुमारे एक्क्याऐंशी. ज्या गेल्या त्यांतल्या बहुतेक इतर आजारांनी, म्हातारपणाने.

“त्या साडेनवांत मी निघाले तर?”

“तर परत ऑपरेशन करता येईल. तेव्हा रेडिएशनही देता येईल. आज दिलं तर तो पत्ता वापरून झाला.” आणि मग, आवाज जरा खाली आणून, “पण एक अट आहे. गोळी पाच वर्षं रोज. चाचणीत ज्यांनी गोळी सोडली त्यांच्यात रोग परत यायचं प्रमाण वाढलं. रेडिएशन सोडायचं तर गोळी सोडता येणार नाही.”

सासूबाई कागदाकडे बराच वेळ बघत होत्या. दीर काही बोलणार तोच त्यांनी हात वर केला, वर्गात करत असतील तसा. “मला चालेल,” म्हणाल्या. दिरांना ते पटायला वेळ लागला. परतीच्या वाटेवर ते गप्प होते, आणि मला त्यांचं कळत होतं. आपण आईसाठी काही करायचं सोडतो आहोत, हीच टोचणी. माया आणि उपचार यांचं माप एकच धरायची आपल्याकडे सवय आहे. जास्त सलाइन, जास्त इंजेक्शनं, जास्त दिवस दवाखान्यात, म्हणजे मुलांनी जास्त केलं. मला हे मोडायला हवं असं मनापासून वाटतं, पण ते मोडायचं तर दिरांसारख्या माणसाला दोष देऊन नाही, त्याच्यासमोर आकडे ठेवून.

ऑपरेशन फेब्रुवारीत झालं. सकाळी नेलं, दुसऱ्या दिवशी सकाळी सोडलं. त्यात डॉक्टरांनी एक गोष्ट जास्तीची केली, तीही नोंदवते. कापण्याआधी काही मिनिटं त्यांनी गाठीभोवती लिडोकेनचं इंजेक्शन दिलं, दात काढताना देतात तेच भुलीचं औषध. टाटाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांनी देशातल्या ११ केंद्रांत सोळाशे स्त्रियांवर ही चाचणी केली होती. ऑपरेशनच्या वेळी गाठीला धक्का लागतो तेव्हा पेशी निसटू नयेत ही त्यामागची कल्पना. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. शंभर रुपयांच्या आतलं औषध. काख सोडली, केमो सोडला, रेडिएशन सोडलं, आणि हे मात्र घातलं. जिथे पुरावा आहे तिथे द्यायचं, जिथे नाही तिथे थांबायचं. मला या बाईंचा आदर वाटतो तो यासाठी.

अंतिम अहवालात गाठ ११ मिलिमीटर, कडा मोकळ्या, ग्रेड १.

शेजारच्या खाटेवर अडतीस वर्षांची एक बाई होती, वलंगैमानच्या बाजूच्या खेड्यातली, दोन लहान मुलींची आई. तिची गाठ खरोखरच तिन्ही निगेटिव्ह होती, चार सेंटिमीटरची, काखेत पसरलेली. तिला आधी केमो देऊन गाठ आटवली होती, आता ऑपरेशन, पुढे रेडिएशन. डोक्यावर साडीचा पदर घट्ट बांधलेला. आमच्याकडे स्तनाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं लहान वयात दिसतो, आणि बायका उशिरा येतात. आमचे सर्जन वर्षानुवर्षं अशाच रुग्णांवर हात बसवत आले आहेत. पहिल्या रुग्णालयातल्या डॉक्टरांबद्दल माझ्या मनात राग आहे तो दुसऱ्यांदा न तपासल्याचा; सगळं काढायच्या त्यांच्या सवयीचा नाही. ती सवय या अडतीस वर्षांच्या बायकांनी लावली आहे. तिच्यासाठी सगळं करणं हेच बरोबर होतं, आणि ते पूर्ण व्हावं म्हणून सासूबाई त्या रात्री तिच्या मुलींसाठी स्तोत्र म्हणत होत्या.

गोळीची गोष्ट मात्र सोपी गेली नाही. ऑपरेशननंतर लेट्रोझोल सुरू झालं. हाडांची घनता आधी मोजली होती. ती कमी होती, पण हाडं ठिसूळ म्हणावी इतकी नाही. कॅल्शियम, डी जीवनसत्त्व सुरू झालं. जूनपर्यंत सासूबाईंची बोटं सकाळी आखडू लागली. कोलमचं पीठ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून सोडायचं असतं. चिमूट जुळेना, पीठ एकदम सांडायचं. त्या काही बोलल्या नाहीत. जाऊबाईंनी दारातला कोलम बघितला, रेघ जाड-बारीक झालेली, आणि मला फोन केला. “गोळी बंद करायचं म्हणतायत. म्हणतात, हात वाचवायला एवढं केलं, आणि आता गोळीनेच हात गेला.”

हा खरा पेच होता. कुठलंही ऑपरेशन वर्षं-दीड वर्षात विसरायला होतं. गोळी रोज सकाळी समोर असते. आणि इथे तर तिच्यावरच सगळी भिस्त होती. आम्ही पुन्हा तिरुचीला गेलो. डॉक्टरांनी जुने कागद काढले आणि एका ओळीवर बोट ठेवलं. पंचेचाळिसाव्या वर्षी रक्तस्रावामुळे गर्भाशय काढलेलं. त्या म्हणाल्या, “टॅमॉक्सिफेन देऊ.” ते औषध जुनं आहे, स्वस्त आहे, लेट्रोझोलपेक्षा रोग रोखण्यात किंचित मागे आहे, पण पाळी गेलेल्या बाईची हाडं ते खाण्याऐवजी राखतं आणि सांधे बहुधा आखडत नाहीत. त्याचा मोठा धोका गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा, आणि सासूबाईंना गर्भाशयच नाही. दुसरा धोका रक्ताच्या गुठळ्यांचा. पायात गुठळी, पक्षाघात असं त्यांना किंवा घरात कोणाला झालेलं नव्हतं. रोज चालणं चालू ठेवा, लांबच्या प्रवासात मध्ये उतरा, पाय एकाएकी सुजला किंवा धाप लागली तर त्याच दिवशी या, असं सांगून गोळी बदलली. सत्तरीपुढच्या स्त्रियांना रेडिएशन वगळण्याची अमेरिकेतली सगळ्यात जुनी मोठी चाचणी टॅमॉक्सिफेनवरच झाली होती, म्हणजे पुरावा सुटला नव्हता.

ऑगस्टपर्यंत बोटं मोकळी झाली. रात्री अंगातून गरम वाफा येतात, घाम येतो, त्याची तक्रार आहे. पण गोळी घेतात. कॅलेंडरवर त्या रोज बारीक बरोबरची खूण करतात, वह्या तपासताना करायच्या तशी.

मग एक वेगळाच प्रसंग आला. टीचरना केमो नाही, रेडिएशन नाही, काख नाही कापली आणि त्या बऱ्या आहेत, ही बातमी गल्लीत फिरली. चार घरं पलीकडच्या पंचावन्न वर्षांच्या एका बाईंना स्तनात गाठ होती, कित्येक महिन्यांची. त्या म्हणू लागल्या की टीचरसारखं मलाही काही नको, मी काढे घेते, देवळात फेऱ्या घालते. जाऊबाईंनी हे सांगितल्यावर माझ्या पोटात गोळा आला. कमी उपचार हा पुष्कळ तपासणीनंतर मिळालेला निकाल असतो. लेबलवर वेळ लिहिलेली बाटली, दोनदा केलेली बायोप्सी, काखेची सोनोग्राफी, परळला गेलेले ठोकळे, एवढं सगळं त्यामागे आहे. बाहेरून बघणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसतं फक्त की बाईंचे केस गेले नाहीत.

सासूबाई त्यांच्या घरी गेल्या. उपदेश वगैरे केला नाही. स्वतःची फाइल बरोबर नेली आणि ओसरीवर पसरून एकेक कागद दाखवला. ही गाठ केवढी, हा ग्रेड, हे आठपैकी आठ. “तुझे हे कागद कुठे आहेत?” असं विचारलं. नव्हतेच. दुसऱ्या सोमवारी त्याच आरोग्य केंद्रात त्याच नर्सकडे त्यांना घेऊन गेल्या. पुढे तंजावरला तपासण्या झाल्या. गाठ तीन सेंटिमीटरची, हर-टू पॉझिटिव्ह, काखेत दोन ठिकाणी. मुख्यमंत्र्यांच्या आरोग्य विमा योजनेतून त्यांचा केमो सुरू झाला, त्याबरोबर हर-टूवरचं ट्रास्टुझुमॅब. त्यांना हे सगळंच हवं होतं, त्यातलं काही वगळून चाललं नसतं. केमोच्या दिवशी सासूबाई त्यांच्याबरोबर बसने तंजावरला जातात, डब्यात दहीभात नेतात, आणि सलाइन चालू असताना शेजारी बसून पुढच्या फेरीच्या रक्ततपासणीची तारीख त्यांच्या वहीत लिहून देतात.